वाचकांचे प्रश्न : धुरातले रेणू आणि कागदावरचे गणित

गेल्या अंकात चुलीच्या धुरासंबंधी एका वाचकाला दिलेल्या उत्तरात एक वाक्य होते : "धुरातले बेंझो[ए]पायरीन मूळ रूपात फारसे काही करत नाही, आपले शरीर त्याचे जे रूपांतर करते ते घातक असते, आणि ते तसे का होते याचा उलगडा क्वांटम रसायनशास्त्राच्या आकडेमोडीतून होतो." या एका वाक्यावर मराठवाड्यातून पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मूळ रेणू निरुपद्रवी आणि शरीरात झालेले त्याचे रूपांतर घातक, हे कसे? आणि यात संगणक नेमके काय मोजतो? (एम.एस्सी.चा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : बेंझो[ए]पायरीन हा वीस कार्बन आणि बारा हायड्रोजन अणूंचा, पाच षटकोनी कडी एकमेकींना चिकटून बनलेला सपाट रेणू आहे. लाकूड, कोळसा, डिझेल किंवा तंबाखू अपुऱ्या हवेत जळली की तो तयार होतो. तो तेलकट पदार्थांत विरघळतो, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि त्यामुळे शरीराला तो सहजासहजी बाहेर टाकता येत नाही. डीएनएशी तो रासायनिक बंध जोडत नाही. त्याच्या कड्यांवर पसरलेले इलेक्ट्रॉन त्याला पुरेसे स्थिर ठेवतात.

अडचण पुढे सुरू होते. न विरघळणाऱ्या पदार्थावर ऑक्सिजन बसवून तो पाण्यात विरघळेल असा करायचा, ही शरीराची नेहमीची रीत आहे. पेशीतील सायटोक्रोम पी-४५० कुळातली एन्झाइमे, विशेषतः १ए१ आणि १बी१, या रेणूच्या सातव्या आणि आठव्या कार्बनांवर मिळून एक ऑक्सिजन बसवतात. तीन अणूंच्या त्या तंग कडीला इपॉक्साइड म्हणतात. दुसरे एक एन्झाइम त्यात पाणी मिळवून दोन हायड्रॉक्सिल गट असलेला डायऑल तयार करते. हा डायऑल पाण्याला पूर्वीपेक्षा जवळचा असतो आणि येथवर सारे शरीराच्या हिताचेच चाललेले असते. पण पी-४५० पुन्हा त्याच रेणूवर काम करते आणि शेजारच्या नवव्या-दहाव्या कार्बनांवर दुसरे इपॉक्साइड तयार होते. हाच तो डायऑल-इपॉक्साइड. त्याची तंग कडी उघडली की दहाव्या कार्बनावर धनभार येतो, आणि डीएनएच्या चार 'अक्षरां'पैकी ग्वानिनचा कड्याबाहेरचा नायट्रोजन त्या कार्बनाला कायमचा जोडला जातो. पेशी विभागताना त्या जागी वाचनात चूक होते आणि ग्वानिनच्या ठिकाणी थायमिन येऊन बसते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात असे दिसले की, हा डायऑल-इपॉक्साइड पी-५३ या रक्षक जनुकाच्या १५७, २४८ आणि २७३ क्रमांकांच्या जागांवर प्राधान्याने चिकटतो, आणि फुप्फुसाच्या कर्करोगात याच जागा वारंवार बिघडलेल्या आढळतात. एवढ्या लहान रेणूची वाट चुलीतून जनुकातल्या नेमक्या अक्षरापर्यंत शोधता आली, ही विसाव्या शतकातील विज्ञानाची फार मोठी कमाई आहे असे मला वाटते.

आता संगणकाकडे वळू. बेंझो[ए]पायरीनमध्ये १३२ इलेक्ट्रॉन आहेत. ते अणुकेंद्रांभोवती कसे पसरलेले आहेत आणि त्या मांडणीची ऊर्जा किती, हे श्रोडिंगरच्या १९२६ च्या समीकरणातून निघते. मात्र एवढ्या इलेक्ट्रॉनांसाठी ते समीकरण अचूक सोडवता येत नाही, म्हणून निरनिराळ्या पातळ्यांची सन्निकट उत्तरे काढावी लागतात. १९३१ साली एरिक ह्यूकेल यांनी कड्यांवर पसरलेले, 'पाय' (π) या ग्रीक अक्षराने ओळखले जाणारे इलेक्ट्रॉन तेवढे विचारात घेण्याची सोपी रीत दिली. या रेणूत असे वीसच इलेक्ट्रॉन असल्याने काम हाती पेलण्याजोगे झाले. आज घनता-कार्यात्मक सिद्धांताने, म्हणजे डीएफटीने, सगळे इलेक्ट्रॉन धरून गणित करतात. त्यातून ऑक्सिजन कोणत्या बंधावर बसण्याची शक्यता अधिक, इपॉक्साइड उघडायला किती ऊर्जा लागते, उघडल्यावर धनभार एका कार्बनावर साचून राहतो की कड्यांभर पसरतो, आणि ग्वानिनजवळ आल्यावर बंध जोडण्याच्या वाटेत चढ किती आहे, ही माहिती मिळते. प्रयोगशाळेत यातील काही रूपे क्षणभरही टिकत नाहीत आणि त्यांचे मापन करणे कठीण जाते. गणिताचा खरा उपयोग तेथे होतो.

प्रश्न : आमच्याकडे अजून चूल आहे. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जळतात. थंडीत शेतात हुरडा भाजतो. तुमच्या गणिताप्रमाणे आम्हाला कर्करोग होणार का? (गृहिणी, औसा तालुका, जि. लातूर)

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे : हे गणित कोणाही एका माणसाबद्दल काहीच सांगू शकत नाही. त्यातून एका रेणूचा स्वभाव कळतो. आपल्या फुप्फुसात तो किती गेला, आपल्या पेशींनी त्यातला किती निकामी करून बाहेर टाकला, डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणा किती जोमदार आहे, यांतले काहीही त्या समीकरणात नसते. ग्लुटाथायोनसारखे रेणू डायऑल-इपॉक्साइडाला डीएनएपर्यंत पोहोचण्याआधीच पकडून निकामी करतात, आणि प्रत्येकाच्या शरीरात त्यांचे काम कमीअधिक चालते.

असे असले तरी चुलीचा धूर किरकोळ समजू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने घरात लाकूड आणि तत्सम जळण जाळल्याने होणारा धूर 'बहुधा कर्करोगजनक' या २ए गटात ठेवला आहे, आणि घरात दगडी कोळसा जाळल्याने होणारा धूर पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगजनकांत, घातला आहे. बेंझो[ए]पायरीन स्वतःही पहिल्या गटात आहे. आपल्या देशाच्या २००९ च्या हवा-गुणवत्ता मानकांत त्याची वार्षिक सरासरी मर्यादा एका घनमीटर हवेत फक्त १ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, इतकी ठेवलेली आहे. शिवाय धुरात हे एकटेच नसते. कर्करोगाची गोष्ट बाजूला ठेवली तरी दमा, फुप्फुसांचे जुनाट विकार आणि डोळ्यांची जळजळ यांसाठी तोच धूर कारण होतो, आणि त्याचा सगळ्यात मोठा वाटा दिवसातून दोनदा त्याच्यासमोर बसणाऱ्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्या वाट्याला येतो.

गॅस शक्य असेल तर रोजच्या स्वयंपाकासाठी तोच वापरावा. चूल पेटवावी लागलीच तर जळण कोरडे ठेवावे. ओल्या तुराट्या धुमसतात आणि या कुळातले रेणू धुमसण्यातूनच जास्त निर्माण होतात. चूल उघड्या सोप्यात किंवा धुराडे असलेल्या जागी मांडावी, आणि पॉलिथिनच्या पिशव्या किंवा रबर पेटवण देण्यासाठी कधीही वापरू नये. हुरड्याबद्दल विचाराल, तर गोवऱ्यांच्या आरात वर्षातून थोडे दिवस, मोकळ्या शेतात, भाजून खाल्लेली कणसे ही माझ्या चिंतेच्या यादीत फार खाली आहेत. आगटीच्या वाऱ्याच्या दिशेला लहान मुलांना बसवू नये आणि काळा पडलेला भाग चोळून टाकावा, इतके पुरे. घरातल्या पुरुषांची विडी मात्र त्या यादीत सगळ्यात वर आहे. मळून दाढेखाली धरलेली तंबाखू हा वेगळा विषय आहे : ती जळत नसल्याने तिथे मुख्य दोष नायट्रोसमाइन या दुसऱ्या कुळाचा असतो, पण तोही पहिल्याच गटातला आहे, त्यामुळे विडी सोडून मळलेल्या तंबाखूकडे वळण्यात काहीही लाभ नाही.

प्रश्न : मी १९७० च्या सुमारास शिकलो तेव्हा आम्हाला 'के-रीजन'चा सिद्धांत शिकवला जाई. आता त्याचे नावही ऐकू येत नाही. तो चुकीचा ठरला का? (निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सर, तो सिद्धांत ज्या प्रश्नाचे उत्तर शोधत होता तो आजही तितकाच मोलाचा आहे, आणि त्याची हकीकत तरुण वाचकांनी ऐकावी अशी आहे, म्हणून थोडी मागून सांगतो.

लंडनमधले शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर कोळशाचे डांबर महिनोन्‌महिने लावून गाठी निर्माण करून दाखवल्या. डांबरातला नेमका अपराधी कोण, हे मात्र लंडनमध्ये केनवे यांच्या गटाने शोधले : १९३० साली त्यांनी डायबेंझ[ए,एच]अँथ्रासीन हा शुद्ध पदार्थ एकटाच कर्करोग निर्माण करतो हे दाखवले, आणि १९३३ साली सुमारे दोन टन डांबर-पिच गाळून त्यातून बेंझो[ए]पायरीन वेगळे काढले. त्यानंतर एक कोडे पुढे आले. दिसायला जवळजवळ सारखे असे हे रेणू. त्यांतला एक अत्यंत घातक आणि दुसरा जवळजवळ निर्दोष, असे का?

पॅरिसमध्ये आल्बेर्त आणि बेर्नार पुलमन या दांपत्याने १९४० आणि १९५० च्या दशकांत या कोड्याला ह्यूकेलच्या रीतीने हात घातला. तीन कड्या वळणाने जोडलेल्या फिनँथ्रीनच्या ९-१० बंधासारखा, इलेक्ट्रॉनांनी समृद्ध आणि दुहेरी बंधाच्या वळणाचा भाग म्हणजे के-भाग, आणि तीन कड्या सरळ ओळीत असलेल्या अँथ्रासीनच्या मधल्या कडीतील समोरासमोरचे दोन कार्बन म्हणजे एल-भाग. के-भाग पुरेसा क्रियाशील असेल आणि एल-भाग एकतर नसेल किंवा निष्क्रिय असेल, तर रेणू कर्करोगजनक, असा त्यांचा निकष होता. त्यातून बऱ्याच रेणूंचे वर्गीकरण योग्य जमलेही. बेंझो[ए]पायरीनमध्ये ४-५ हा के-भाग आहे आणि एल-भाग नाही. हातयंत्रांवर आकडे काढण्याच्या त्या काळात एवढे साधणे हे मोठेच काम होते, आणि जीवशास्त्राच्या प्रश्नाला क्वांटम सिद्धांत लावण्याची वाट त्यांनीच घालून दिली.

पुढे प्रयोगांनी वेगळी दिशा दाखवली. शरीरात ४-५ या के-भागावरचे इपॉक्साइड तयार होते हे खरे, पण उंदरांमध्ये त्याची कर्करोगजनकता अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली. १९७४ साली सिम्स, ग्रोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएला प्रत्यक्ष चिकटणारे रूप हे ७-८ डायऑल आणि ९-१० इपॉक्साइड असलेले आहे असे पुढे मांडले. म्हणजे पुलमन दांपत्याचे गणित सदोष नव्हते, ते भलत्या रेणूवर केले गेले होते : आकडेमोड मूळ हायड्रोकार्बनाची झाली, आणि इजा करणारा निघाला त्याचा तिसऱ्या पायरीवरचा वंशज. चयापचय समजल्याशिवाय केलेले क्वांटम गणित कितीही काटेकोर असले तरी आंधळे राहते, हे तेव्हापासून या विषयातल्या प्रत्येकाच्या मनावर ठसले आहे. आणि तो वाद तरी पुरता मिटला आहे असे कोठे? कॅव्हालिएरी आणि रोगन हे रेणूतून एक इलेक्ट्रॉन निघून बनणाऱ्या मूलक-धनायनाला महत्त्व देतात आणि पेनिंग यांचा गट क्विनोन या ऑक्सिजनयुक्त रूपांकडे बोट दाखवतो. या तिन्ही वाटा एकाच पेशीत एकाच वेळी चालत असणे शक्य आहे.

प्रश्न : बारावीच्या किंवा बी.एस्सी.च्या मुलांना संगणकाशिवाय, वहीत करता येईल असे यातले एखादे गणित आहे का? (शिक्षिका, अंबाजोगाई)

उत्तर : आहे, मॅडम, आणि ते इतके सुंदर आहे की या सदराची बरीचशी जागा मी त्यालाच देणार आहे.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत डोनाल्ड जेरिना आणि रोलँड लेहर यांनी 'बे रीजन'चा, म्हणजे खाडी-भागाचा सिद्धांत मांडला. फिनँथ्रीनची आकृती काढली की बाजूच्या दोन कड्यांच्या मध्ये किनाऱ्यात शिरलेल्या खाडीसारखी एक खाच दिसते. इपॉक्साइड ज्या कडीवर आहे तिचा या खाचेकडचा कार्बन धनभारित झाला, तर तो धनभार उरलेल्या अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे इलेक्ट्रॉन कडीभर पसरलेल्या, कड्यांवर सहज पसरतो, आणि तो जितका सहज पसरेल तितका तो रेणू डीएनएला घातक. ही सहजता मोजण्यासाठी त्यांनी मायकेल ड्यूअर यांची एक ओळीची रीत वापरली, आणि त्यातला मुख्य सहगुणक काढण्यासाठी लाँगेट-हिगिन्स यांचा शून्य-बेरजेचा नियम पुरेसा आहे. त्याला बेरीज, वजाबाकी आणि वर्गमूळ एवढेच लागते.

मुलांना आधी बेंझीनची कडी काढायला सांगावी आणि तिच्या एका कोपऱ्याला बाहेरून एक कार्बन जोडावा. हा बाहेरचा कार्बन म्हणजे धनभार घेणारा कार्बन, आणि कडी म्हणजे उरलेला अ‍ॅरोमॅटिक भाग. आता बाहेरच्या कार्बनावर चांदणी काढायची, त्याच्या शेजाऱ्यावर काढायची नाही, त्या पुढच्यावर काढायची, अशा तऱ्हेने एकाआड एक खुणा कराव्यात. दोन चांदण्या शेजारी येता कामा नयेत. चांदणी असलेल्या कार्बनांना आकडे द्यायचे, आणि नियम एकच : चांदणी नसलेला कोणताही कार्बन घ्या, त्याच्या सर्व शेजाऱ्यांवरील आकड्यांची बेरीज शून्य आली पाहिजे. बाहेरच्या कार्बनाच्या अगदी समोरच्या कोपऱ्यावर १ लिहा. मग त्याच्या दोन्ही बाजूंच्या चांदण्यांवर उणे १ येणे भाग आहे, आणि त्या दोन उणे एकांना शून्यावर आणण्यासाठी बाहेरच्या कार्बनावर २ यावा लागतो. सगळ्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज ४ + १ + १ + १ = ७. बाहेरच्या कार्बनाचा सहगुणक 'अ' म्हणजे २ भागिले ७ चे वर्गमूळ, म्हणजे ०.७५६. ड्यूअर यांच्या रीतीप्रमाणे धनभार पसरल्याने मिळणारी ऊर्जा २(१ − अ), म्हणजे ०.४८८ बीटा. बीटा हे या गणिताचे एकक आहे. आकडा जितका मोठा तितका धनायन सहज बनतो.

आता नॅफ्थलीनच्या दोन कड्या घ्या आणि बाहेरचा कार्बन पहिल्या क्रमांकाला, म्हणजे दोन कड्यांच्या जोडाशेजारच्या कोपऱ्याला जोडा. फिनँथ्रीनच्या खाडी-भागाचे हे चित्र आहे. दूरच्या कडीतून १ ने सुरुवात केली की चिन्हे सोडून आकडे १, १, १, २, २ आणि बाहेरच्या कार्बनावर ३ असे येतात. वर्गांची बेरीज २०. सहगुणक ०.६७१ आणि ऊर्जा ०.६५८ बीटा. अँथ्रासीनच्या सरळ तीन कड्यांना पहिल्याच क्रमांकावर बाहेरचा कार्बन जोडला की तो बेंझ[ए]अँथ्रासीनचा खाडी-भाग होतो : बाहेर ४, वर्गांची बेरीज ४२, ऊर्जा ०.७६६. शेवटी पायरीनच्या चार कड्यांना पहिल्या क्रमांकावर कार्बन जोडा, कारण बेंझो[ए]पायरीनच्या डायऑल-इपॉक्साइडात उरणारा अ‍ॅरोमॅटिक भाग पायरीनच असतो. येथे एका अज्ञाताने काम भागत नाही; दोन चांदण्यांना प आणि फ धरून पुढे जावे लागते आणि शेवटच्या कोपऱ्यावर फ = −प असे निघते. मग आतल्या एका कार्बनावर चक्क शून्य येते, बाकी सात चांदण्यांवर १, आणि बाहेरच्या कार्बनावर २. बेरीज ११, सहगुणक ०.६०३ आणि ऊर्जा ०.७९४ बीटा.

हा ०.७९४ चा आकडा संशोधन-लेखांत छापलेला आहे, आणि आपल्या वर्गातील मुलगी तो फळ्यावर खडूने काढू शकते. फिनँथ्रीन ०.६५८, बेंझ[ए]अँथ्रासीन ०.७६६, बेंझो[ए]पायरीन ०.७९४ : पहिल्याची कर्करोगजनक म्हणून नोंद नाही, दुसरा मध्यम, तिसरा जहाल. असा क्रम वहीत उतरताना पाहिला की मुलांना रसायनशास्त्र पाठांतराचा विषय आहे असे पुन्हा वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

मात्र गणित तेथेच थांबवू नये. जिथे ते बसत नाही ती उदाहरणेही मुलांना द्यावीत. क्रायसीनसाठी फिनँथ्रीनच्या कड्यांना पहिल्या क्रमांकावर कार्बन जोडून पाहा : बाहेर ५, बेरीज ५४, ऊर्जा ०.६३९. म्हणजे फिनँथ्रीनपेक्षाही थोडी कमी, आणि तरीही क्रायसीन सौम्य का होईना, कर्करोगजनक आहे. बेंझो[ई]पायरीनचे उदाहरण त्याहून बोलके आहे. पायरीनच्या चौथ्या क्रमांकाला कार्बन जोडला की ०.७१ च्या आसपास आकडा येतो, तो क्रायसीनपेक्षा ठळकपणे मोठा आहे. तरी या रेणूची कर्करोगजनकता प्रयोगांत नगण्यच दिसते. कारण असे की, शरीरातील एन्झाइमे या रेणूच्या के-भागावर ऑक्सिजन बसवणे पसंत करतात आणि हव्या त्या जागचा डायऑल फार थोडा बनतो. जो बनतो त्यातील दोन हायड्रॉक्सिल गट खाचेतल्या दाटीमुळे कडीच्या पातळीला काटकोनात, एक वर आणि एक खाली, उभे राहतात आणि पुढची पायरी अडते. ०.७१ हा आकडा चूक नाही; त्या धनायनापर्यंत पोहोचण्याची वाट शरीरात बंद आहे. परीक्षेत हा प्रश्न नक्की विचारावा.

प्रश्न : आम्ही रस्त्याच्या कामावर डांबर तापवतो. तेच हे डांबर का? (जालना)

उत्तर : आज रस्त्यावर पडते ते प्रामुख्याने खनिज तेलातून निघालेले बिटुमेन असते, सशांच्या कानांवर लावले होते ते दगडी कोळशापासूनचे. कोळशाच्या डांबरात या रेणूंचे प्रमाण कितीतरी जास्त असते आणि त्याचे पिच पहिल्या गटात आहे, तर रस्त्याच्या कामातील बिटुमेनचा संपर्क 'संभाव्य कर्करोगजनक' अशा २बी गटात आहे. धोका कमी असला तरी शून्य नाही. बॅरल गरजेपेक्षा जास्त तापवू नये, वाफेच्या बाजूला उभे राहू नये, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, आणि हातावरचे डांबर डिझेलने धुऊ नये, कारण डिझेलमुळे हेच पदार्थ कातडीतून अधिक सहज आत जातात. तेल चोळून मग साबणाने धुवावे. बॅरलखाली जळण म्हणून जुने टायर घालण्याची पद्धत मुकादमांनी आजच्या आज बंद करावी. त्या काळ्या धुरापुढे बिटुमेनची वाफ काहीच नाही.

प्रश्न : मला एम.एस्सी.चा प्रकल्प याच विषयावर करायचा आहे. आमच्या महाविद्यालयात मोठा संगणक नाही. साधा लॅपटॉप पुरेल का, आणि कोणता रेणू घ्यावा? (विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : पुरेल. बेंझो[ए]पायरीनचे ३२ अणू बी-३-एलवायपी या डीएफटी-पद्धतीने आणि ६-३१जी* या पाया-संचाने मोजायचे झाले तर संगणकाला ३२४ आधारफलने, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे वर्णन करणारी गणिती सूत्रे, हाताळावी लागतात. आजचा साधारण लॅपटॉप हे काम करू शकतो. वेळ लागेल, पण रात्री लावून सकाळी पाहण्याइतकाच. ओर्का हा प्रोग्रॅम शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य मिळतो, गेमेसही मिळतो, साय-फोर पूर्णपणे मुक्तस्रोत आहे, आणि रेणू काढण्यासाठी अ‍ॅव्होगॅड्रो वापरता येईल. आपल्याच राज्यात, पुणे विद्यापीठात, श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूंभोवतीच्या स्थिरविद्युत विभवावर जगात नाव झालेले काम केले, आणि अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बनांनाही ते लावले. त्यांचे लेख ग्रंथालयातून मिळवून अवश्य वाचावेत. एखाद्या रेणूच्या कोणत्या कडीत इलेक्ट्रॉन दाट आहेत हे त्या नकाशांवर डोळ्यांना दिसते.

विषयासाठी माझी सूचना अशी. केवळ मूळ हायड्रोकार्बनांची ऊर्जा मोजत बसू नये. वर पुलमन दांपत्याची हकीकत सांगितली ती याचसाठी. फिनँथ्रीन, क्रायसीन, बेंझ[ए]अँथ्रासीन आणि बेंझो[ए]पायरीन या चौघांचे खाडी-भागातले डायऑल-इपॉक्साइड घ्यावेत. प्रत्येकाची दोन रूपे होतात : एकात इपॉक्साइडचा ऑक्सिजन आणि खाचेपासून दूरचा हायड्रॉक्सिल गट कडीच्या विरुद्ध बाजूंना असतात, म्हणजे अँटी, दुसऱ्यात एकाच बाजूला, म्हणजे सिन. बेंझो[ए]पायरीनच्या अँटी रूपाच्या दोन आरसा-प्रतिमांपैकी धन (+) म्हटली जाणारी प्राण्यांमध्ये सगळ्यात घातक ठरली आहे, आणि वहीतल्या ह्यूकेल-गणिताला अँटी आणि सिन यांतला फरक मुळीच दिसत नाही, कारण त्याला कोणता अणू कोणाला जोडला आहे एवढेच कळते, तो कोणत्या बाजूला आहे हे कळत नाही. डीएफटीला ते दिसते, आणि तुमच्या प्रकल्पाचे मर्म तेथेच आहे.

प्रत्येक रूपाला एक प्रोटॉन जोडून कडी उघडावी आणि तयार होणाऱ्या धनायनाची ऊर्जा मोजावी. हे गणित आधी निर्वातात आणि मग पाण्याचे सलग-माध्यम प्रारूप घेऊन, असे दोन्ही वेळा करावे. निर्वातातले आकडे धनायनाच्या स्थैर्याबाबत फसवे असतात, कारण पेशीत त्याच्याभोवती पाणी असते आणि पाणी त्याला सावरते. कंपन-वारंवारता काढायला विसरू नये : एकही ऋण वारंवारता उरली तर ती रचना ऊर्जेच्या तळाशी पोहोचलेली नाही, आणि तिचे आकडे प्रबंधात घालू नयेत. एन्झाइमाचे काम मोजण्याच्या मोहात या टप्प्यावर पडू नये. पी-४५० मधील लोहाचे केंद्र मोजायला क्वांटम आणि अभिजात गणिताची सांगड घालावी लागते, आणि ती पद्धत उभी केल्याबद्दल कार्प्लस, लेव्हिट आणि वार्शेल यांना २०१३ चा नोबेल मिळाला, एवढे ते काम अवघड आहे.

शेवटी आपले आकडे, अंबाजोगाईच्या मॅडमना सांगितलेले वहीतले आकडे, आणि उंदरांवरील प्रयोगांचे छापलेले निष्कर्ष, हे तिन्ही शेजारी मांडावेत. जे रेणू क्रमात बसत नाहीत ते तक्त्यातून वगळू नयेत. प्रत्येकापुढे, त्याचे चयापचयात काय होते हे वाचून, तो का बसत नसावा हे आपल्या शब्दांत लिहावे. आपल्या मार्गदर्शकांना हे पान दाखवून त्यांची संमती घ्यावी, आणि काम सुरू झाल्यावर जेथे अडेल तेथे या सदराला जरूर पत्र पाठवावे.